जवारीची मूळ प्रत

त्रिशला शिरगुप्पेला नवऱ्याचा उजवा हात जितका ठाऊक होता तितका जगातल्या कुठल्याच बायकोला ठाऊक नसेल, कारण तो तिनेच लिहिला होता. बोटं, सांधे, वरचं कातडीसारखं आवरण हे सगळं दुसऱ्यांचं काम. पण कुठलं बोट कधी वाकायचं, पेला किती दाबायचा, पिकलेला आंबा कसा धरायचा हे सांगणारी आज्ञावली तिची. भरतेशचा जन्माचा हात लाकूड कापायच्या यंत्रात गेला तेव्हा मिरजेतल्या लोकांनी हळहळून सोडून दिलं होतं. तंबोरे करणारा माणूस, त्याचा उजवा हात गेला, म्हणजे संपलंच. त्रिशलाने मात्र पदर खोचला आणि दोन वर्षांत नवऱ्याला हात दिला. शेजारणी तिला सावित्री म्हणू लागल्या. ती वरवर "काहीतरीच काय!" म्हणायची आणि आतून फुलायची.

पुढे त्या एका हाताचे हजारो झाले. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत संस्था उभी राहिली, आणि इथेच खरी मेख होती. हजारो हात शिकणारे. लातूरचा हात भाकरी थापायला शिकतो, केरळातला नारळ सोलायला. हे शिकलेलं ठेवायचं कुठे?

जुन्या पद्धती दोन. एक अशी, की सगळं एकाच कोठारात. ज्याला हवं त्याने तिथून घ्यावं, बदल करायचा तर तिथेच येऊन करावा. यात शिस्त असते, पण कोठाराशी जोडणारी तार तुटली की हात ठप्प, आणि कोठारापाशी ही रांग. दुसरी पद्धत अशी, की प्रत्येकाकडे अख्खं कोठार. ज्याने त्याने आपल्या घरी बदल करावेत आणि भेटतील तेव्हा एकमेकांत मिसळावेत. यात मोकळीक भरपूर, पण खरं कुणाचं हे सांगणारा कुणी नाही, आणि एका हाताची वाईट खोड पडशासारखी गावभर पसरते.

त्रिशलाने दोन्हींचा पीळ घातला आणि नाव ठेवलं 'दुपेडी'. सासूबाईंच्या मसाल्यासारखं ते होतं. प्रत्येक सून आपल्या घरी त्यात हवं ते कमीजास्त करते, जावाजावा परस्पर कृती सांगतात, त्याला कुणाची ना नाही. पण घराण्याचा म्हणून जो मसाला, तो सासूबाई मान हलवतील तोच. तसा प्रत्येक हात आपली पूर्ण स्मृती आणि तिचा इतिहास स्वतःजवळ बाळगायचा. दोन हात परस्परांना धडा देऊ शकायचे. पण मिरजेतल्या मूळ प्रतीत शिरलेला धडाच सगळ्या हातांना मिळायचा, आणि त्या प्रतीला दार एकच होतं. दारावर त्रिशला. आपण सासूबाई झालो आहोत हे तिला चाळिशीतच कळलं होतं आणि त्याचं तिला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

दिवाळीत भरतेशची जवारी परत आली.

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा प्राण. भोपळ्यावर तारा जिच्यावरून जातात ती घोडी. तिचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकू नये, जरा रेंगाळावी. मग सूर एकटा येत नाही, भुंग्यासारखा गुंजत येतो. एक हात जास्त फिरला की घोडी वाया. हे कुणी सांगून येत नाही. नवा हात आल्यापासून भरतेश भोपळे कोरायचा, दांडी बसवायचा, नक्षी करायचा. जवारीला मात्र वाद्य दुसऱ्याकडे पाठवायचा आणि ते घरातून बाहेर जाताना पाठ फिरवून उभा राहायचा. त्या दिवाळीत त्याने स्वतः कानस घेतली. तार छेडली तशी स्वयंपाकघरात करंज्या तळणारी त्रिशला झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"माझा हात शिकला!" ती म्हणाली.

"शिकला खरा," भरतेश म्हणाला आणि पुन्हा वाद्याकडे वळला.

तिने संस्थेत पेढे वाटले. कृत्रिम हात आपणहून जवारी शिकतो ही काय लहान गोष्ट होती? संस्थेचे प्रमुख डॉ. मगदूम म्हणाले, "मॅडम, बंगळुरूच्या परिषदेत हेच सांगायचं. कसं शिकला ते टप्प्याटप्प्यानं दाखवा." म्हणून तिने भरतेशच्या हाताचा इतिहास उघडला. हा हात पहिलावहिला, चाचणीचा; तो जे काही शिकेल ते सगळं आपसूक तिच्या दारात येऊन थांबायचं. रोजच्या गर्दीत तिने तिकडे पाहिलं नव्हतं एवढंच.

इतिहासात जवारी शिकल्याची खूण कुठेच नव्हती. घेतल्याची होती. दुसऱ्या एका हाताकडून, थोडी थोडी, दर गुरुवारी.

त्रिशलाने ती नोंद पुन्हा वाचली. पेढे वाटले होते, त्यांची आठवण येऊन कान तापले, पण ते नंतर. आधी आठवलं ते दुपेडीचं कलम. गर्दीत धक्का लागून कुणी कुणाचा धडा चोरू नये म्हणून तिने स्वतःच अट घातली होती: दोन हातांचे तळवे एकमेकांत ठेवून, आलेला चहा गार होईपर्यंत तरी, स्वस्थ बसलं पाहिजे. हिसका बसला, बोट सुटलं, की देवघेव बंद. म्हणजे आपला नवरा दर गुरुवारी कुणाच्या तरी हातात हात घालून बसतो. आणि घरी येऊन सांगतो, सांगलीला लाकूड बघायला गेलो होतो.

हात कुणाचा हे पाहायला तिला मनाई होती. आकडा दिसायचा, नाव झाकलेलं. ते उघडायचं ते फक्त कुणाच्या जिवावर बेतलं तर, हा नियमही तिचाच. 'माझ्या जिवावर बेतलंच आहे,' असं म्हणून तिने नाव उघडलं.

जरीना. भरतेशच्या उस्तादांची मुलगी.

लग्न होऊन धारवाडला गेलेली, नवरा वारल्यावर परत आलेली, बसच्या अपघातात डावा हात गेलेली. तिला हात बसवला तो याच इमारतीत. भरतेश आणि ती उस्तादांच्या कारखान्यात एका वयाचे, एकाच चटईवर बसून शिकलेले. हे सगळं त्रिशलाला लग्नाआधीपासून माहीत होतं आणि आजवर त्यात काहीही वावगं दिसलं नव्हतं. आता मात्र ती चटईच तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी तिने खडा टाकून पाहिला. "या गुरुवारी लाकूड बघायला मी पण येते."

"तू? तुला काय कळतंय लाकडातलं?" भरतेश हसला. "उन्हात उगाच तडफडशील. राहू दे की."

त्या हसण्याने ती जास्तच जळाली. चिडला असता तर निदान भांडता आलं असतं.

गुरुवारी ती रिक्षा करून मागोमाग गेली. सांगली बिंगली काही नाही. रिक्षा उस्तादांच्या गल्लीतच थांबली. जुन्या कारखान्याचं दार सताड उघडं होतं. लपवायचं असतं तर दार तरी लावलं असतं, हे तिच्या लक्षात आलं, पण संशयाला तेवढ्याने कुठे पोट भरतं? आत भोपळ्यांची रास, मध्ये चटई. भरतेशचा उजवा आणि जरीनाचा डावा हात एकमेकांत होते. दोघं बोलत नव्हते, एकमेकांकडे पाहतही नव्हते. दोघांच्या मोकळ्या हातांखाली एकच तंबोरा होता आणि दोघं डोळे मिटून तो ऐकत होते. भरतेशच्या चेहऱ्यावरची ती स्वस्थता त्रिशलाने घरात कधी पाहिली नव्हती. त्याला तिने मिठीत पाहिलं असतं तर सोसलं असतं असं तिला वाटलं. निदान तशाला काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं.

जरीनाने डोळे उघडले. "अगंबाई, वहिनी! दारात का? या की आत. भरतेश, उठ, त्यांना पाट दे."

भरतेश म्हणे! अरे-तुरे! त्रिशला आत आली ती उभीच राहिली.

"मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणणार होते?" ती नवऱ्याला म्हणाली.

भरतेशने हात सोडवून घेतला. जरीनाच बोलली, "माझ्यामुळं झालं, वहिनी. मीच म्हटलं, कुणाला सांगू नको. अब्बांनी ही जवारी घराबाहेर कधी दिली नाही. मलासुद्धा अर्धीच दिली, मुलगी म्हणून. उरलेली मी या हातानं शोधली, तुमच्या कृपेनं. आमचं पोट आहे त्याच्यावर. म्हणून धड्याला 'घरचा' अशी खूण करून ठेवलीय, बाहेर जाऊ नये म्हणून. तुम्हीच ठेवलीय ना ती सोय?"

"ठेवली आहे," त्रिशला म्हणाली.

"मग भरतेशला दिली ती एकट्याला. अब्बांचा शागीर्द तो. त्याचा हक्क आहे."

'एकट्याला' हा शब्द त्रिशला घरी घेऊन आली. जेवताना तो ताटात होता.

"तिनं नको म्हटलं म्हणून बायकोपासून लपवायचं?" तिने शेवटी विचारलंच.

"तिच्यासाठी नाही लपवलं."

"मग?"

भरतेशने घास खाली ठेवला. "तुला सांगितलं असतं तर तू बघितलं असतंस. बघितलं असतंस तर सुधारलं असतंस. तुझा स्वभावच आहे तो. मी कप कसा धरतो, दाढी कशी करतो, तुझ्या पाठीवर हात कसा ठेवतो, सगळं तू लिहिलंयस, त्रिशला. लई चांगलं लिहिलंयस. तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण या हातात एवढी एकच गोष्ट अशी आहे जी तुझी नाही."

"आणि ती तिची आहे."

"ती माझी आहे," तो म्हणाला. पण त्रिशलाला ते ऐकू गेलं नाही. ज्याला जे ऐकायचं नसतं त्याचे कान मोठे सोयीचे असतात.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत मूळ प्रतीच्या दारापाशी बसली. तिथे जवारीचा धडा थांबला होता. जरीनाच्या हातातून तो आला नसता, तिची खूण आड आली असती. पण भरतेशचा हात चाचणीचा. त्याने कुणाकडून काय घेतलं याला खूण-बिण काही नाही, सगळं येऊन दाखल. दुपेडीच्या विणीतला हा एक सुटलेला टाका. नियम सरळ होता: 'घरचा' धडा चुकून दारात आला तर परत पाठवायचा.

ती परत पाठवायला निघाली होती. बोट पडद्यावर गेलंही होतं. नाकारू या, तिला वाटलं, दोघांच्या तोंडावर दार आपटू या. मग एकाएकी तिच्या लक्षात आलं की आपण नाकारला तर तो धडा कुठेच जात नाही. तो त्या दोन हातांत राहतो. जगात फक्त त्या दोघांत. नाकारणं म्हणजे त्यांना एक खोली बांधून देऊन वर बाहेरून राखण करणं.

आणि आत घेतला तर?

आत घेतला तर संध्याकाळपर्यंत तो हजारो हातांत असेल. भाकरी थापणाऱ्या, नारळ सोलणाऱ्या. मग भरतेशला कुणाच्या हातात हात घालून बसायची गरज उरणार नाही. 'एकट्याला' म्हणे! आता सगळ्यांना.

मत्सराला स्वतःचं तोंड कधी नसतं, ते दुसऱ्याचं उसनं आणतं. त्रिशलाच्या मत्सराने त्या दुपारी ज्ञानप्रसाराचं आणलं. विद्या चार भिंतींत का कोंडावी, असं तिने मनाशी म्हटलं आणि ते तिला पटलंही. धडा कुणाचा, या रकान्यात तिने जरीनाचं नाव वडिलांच्या नावासकट घातलं. मोठेपणा करायचा तर पुरता करावा. मग तिने धडा मूळ प्रतीत घेतला आणि डबा उघडून जेवायला बसली. किती तरी दिवसांनी तिला जेवण गेलं.

पुढचं सगळं भराभर झालं. कोलकात्याच्या एका सतार करणाऱ्याने जवारीची ध्वनिफीत पाठवली आणि संस्थेत लोकांनी ती टाळ्या वाजवून ऐकली. तंजावरहून पत्रं आली. एका मोठ्या वाद्यकंपनीने असे हात बसवलेले कारागीर नेमले. जे काम मिरजेला यायचं ते जागच्या जागी होऊ लागलं. परिषदेत त्रिशलाला उभं राहून दाद मिळाली. मगदूम म्हणाले, "मॅडम, केवढं मन लागतं हो याला! नवऱ्याच्या घराण्याची विद्या तुम्ही जगाला दिलीत." आणि जरीनाबाईंचा सत्कार ठरवून टाकला.

सत्काराला जरीना आली, साध्या निळ्या साडीत. शाल आणि नारळ त्रिशलाच्याच हस्ते. फोटोवाला "जरा जवळ या" म्हणाला, तशा दोघी जवळ सरकल्या.

"वहिनी," जरीना हळूच म्हणाली, "मी 'घरचा' अशी खूण केली होती ना?"

"केली होतीत. मध्ये काहीतरी घोटाळा झाला असावा. भरतेशचा हात चाचणीचा आहे, त्यातून—"

"होतं असं," जरीना म्हणाली. तिने शाल नीट केली, नारळ डाव्या हातात घेतला, त्रिशलाने लिहिलेल्या हातात. "भांडायला आले नाही मी. या महिन्यात दोनच घोड्या आल्या कामाला, तेव्हा वेळच वेळ आहे, म्हणून विचारलं."

फोटो छान आला. दोघीही हसताहेत असा.

भरतेश सत्काराला शेवटच्या रांगेत बसला होता. घरी येताना त्रिशला वाट पाहत होती, की आता भडका उडेल. तिने उत्तरं घोकून ठेवली होती. स्वयंपाकघरात पाणी पिताना तो एवढंच म्हणाला, "आत घ्यायचं बटण तुझंच असतं ना?"

"नियमानं सगळं—"

"बटण तुझंच ना, एवढंच विचारलं."

"माझंच."

त्याने मान हलवली आणि झोपायला गेला.

त्यानंतरचा गुरुवार. त्रिशलाने रजा टाकली होती. उगाच, असं तिने सांगितलं. खरं तर हा गुरुवार तिला घरात बसून भोगायचा होता. तिने उप्पीट केलं, वर खोबरं घातलं. भरतेशने दोनदा मागून घेतलं. ऊन ओसरीवर आलं तरी तो उठेना, तसं तिला आत कुठेतरी गोड वाटू लागलं. कामाला लागेल आता. जायचं कारणच काय उरलंय?

मग तो उठला. खुर्ची मागे सारली आणि डाव्या हाताने उजव्या मनगटाच्या वरची कडी फिरवली. हात सुटला. भरतेश तो फक्त झोपताना काढायचा, नाहीतर आंघोळीला. त्याने तो पुसला, उताणा करून टेबलावर ठेवला आणि सदऱ्याची रिकामी बाही वर दुमडली.

"काय झालं? दुखतंय का?" त्रिशलाने विचारलं. "दाब जास्त होतोय का? बघू."

"नाही गं. झकास आहे." त्याने पायात चपला सरकवल्या. "जरीनाकडं जाऊन येतो."

"आता तिच्याकडे काय आहे? जवारी तुझ्या हातात आहे. सगळ्यांच्याच हातात आहे."

"तेच की. त्याला आता तिथं शिकायसारखं काही राहिलं नाही. कशाला न्यायचा?"

"मग तू कशाला जातोस?"

भरतेशने क्षणभर विचार केला. हा प्रश्न त्याने स्वतःलाही आजच विचारला असावा.

"चहाला," तो म्हणाला. "एका हातानं पिता येतो की."

तो गेला. त्रिशला टेबलाशी बसून राहिली. त्या हाताची बोटं किंचित मिटलेली होती, तिने लिहिलं होतं तशीच, रिकामा असताना मिटावीत तितकी. परत किती वाजता येईल, कुणापाशी बसेल, काय घेईल, काय देईल, हे आता कुठल्याही इतिहासात उमटणार नव्हतं. तिने सवयीने फोन उघडला आणि दुपेडीत नवऱ्याचा आकडा टाकला. नोंद ताबडतोब आली, बिनचूक. हात घरीच होता.